‘टी’ला बोलावलं म्हणून चहाला गेलो! (विलायतेतलं इंग्रजी, मदत हवी)

कृष्णाकाठची | २४ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आठ महिन्यांपूर्वी आम्ही लीड्सला (उत्तर इंग्लंडातलं यॉर्कशर) आलो. मी कराडजवळच्या मराठी शाळेतली, इंग्रजी पाचवीपासून. घरात आजोबांची तर्खडकर भाषांतर पाठमाला होती, पानं सुटलेली, त्यावरून सुट्टीत वाक्यं करायला लावायचे. त्यामुळे कागदावर माझं इंग्रजी वाईट नाही हो, टेन्स विचारा, पॅसिव्ह व्हॉइस विचारा, लगेच करून देते. पण इथे येऊन कळलं की परीक्षेत हे काही विचारतच नव्हते.

मागच्या शनिवारचीच गोष्ट. शेजारी एक सत्तरीच्या आजी राहतात, फार गोड बाई. कुंपणावरून म्हणाल्या, शनिवारी ‘कम राउंड फॉर यॉर टी, हाफ फाइव्ह’. मी म्हटलं चला, साडेपाचचा चहा. त्या दिवशी जेवायलाच दोन वाजले होते, वर चारला पोहे केले, आणि डब्यात चिवडा भरून निघालो. आत जाऊन बघतो तर टेबल मांडलेलं, काटे-चमचे, मोठी चीज आणि कांद्याची पाय (आम्ही शाकाहारी आहोत हे लक्षात ठेवून केलेली!), बटाट्याचा लगदा, गाजरं, वाटाणे, आणि फुगलेल्या वाट्यांसारखं यॉर्कशर पुडिंग. नवरा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. पोटात तीळभर जागा नाही आणि आजी वाढतायत. कसंबसं संपवलं. मग आजींनी विचारलं, ‘पुडिंग?’ मला वाटलं त्या वाट्यांचीच दुसरी फेरी, मी हात जोडून ‘नो नो, थँक्यू, फुल’ म्हटलं. पाच मिनिटांत सगळ्यांसमोर गरम ॲपल क्रंबल आणि वर पिवळं कस्टर्ड आलं, माझ्यासमोर काही नाही. नवऱ्याने दोन वेळा घेतलं, मेला.

तर प्रश्न असे. हे असलं इंग्रजी शिकायचं कुठे? दुसरं म्हणजे ते ‘द’, कुठे लावायचं कुठे नाही ते अजून जमत नाही. आणि तिसरं, सासूबाई डिसेंबरात येतायत सहा महिन्यांसाठी, त्यांना एक ते शंभर आकडे आणि ‘ठ्यांक्यू’ एवढंच येतं. त्यांच्यासाठी कुठून सुरुवात करू?

घाटमाथा | २४ ऑक्टोबर

हसून हसून पुरेवाट. क्रंबल हुकलं याचं मनापासून वाईट वाटलं.

ताई, तिकडे उत्तरेत दिवसाची जेवणं म्हणजे ब्रेकफास्ट, डिनर, टी. डिनर म्हणजे दुपारचं आणि टी म्हणजे संध्याकाळचं पोटभर. दक्षिणेत लंडनकडे तेच लंच आणि डिनर होतं. शाळेत दुपारी पोरांना जेवण वाढणाऱ्या बायकांना तर सगळ्या देशात ‘डिनर लेडी’ म्हणायची पद्धत. आणि पुडिंग म्हणजे जेवणानंतरचं कुठलंही गोड, मग ते क्रंबल असो, केक असो नाहीतर आइस्क्रीम. यॉर्कशर पुडिंग मात्र गोड नाही. ब्लॅक पुडिंग तर विचारूच नका, डुकराच्या रक्ताचं असतं, सासूबाईंना नाव वाचून चॉकलेटचं वाटेल, सांभाळा.

चहाबाज | २४ ऑक्टोबर

अवांतर : आपल्याकडे हॉटेलवाले ‘हाय टी’ म्हणजे काहीतरी उंची, साहेबी थाट असं समजतात. मूळ हाय टी म्हणजे गिरणी-खाणीतून दमून आलेल्या कामगाराचं संध्याकाळचं जेवण. बारीक सँडविच, स्कोन आणि किटलीवाला नखरा तो ‘आफ्टरनून टी’, त्याचं श्रेय १८४० च्या सुमाराला बेडफर्डच्या डचेसला देतात. दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यात फार अंतर, बाईंना मधे कळवळून भूक लागायची म्हणे. चार वाजता भूक लागणं हा शोध लावायला डचेस लागते होय, आमच्या आजीला विचारायचं होतं.

राईनकाठी | २५ ऑक्टोबर

हाफ फाइव्ह तुम्हाला बरोबर कळलं हे नशीब समजा. आपलं साडेपाच आणि त्यांचं हाफ फाइव्ह एकच. पण मी जर्मनीत राहतो, इथे ‘हाल्ब फ्युन्फ’ म्हणजे साडेचार! पाचाकडे अर्धं गेलेलं. पहिल्या महिन्यात दाताच्या डॉक्टरकडे बरोब्बर एक तास उशिरा पोचलो होतो, अपॉइंटमेंट गेली.

मास्तर_निवृत्त | २५ ऑक्टोबर

कृष्णाकाठची, तुमचा दुसरा प्रश्न माझ्या प्रांतातला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. छत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, सगळ्या वर्गांत चुका त्याच. त्या चुका मुलांच्या नसतात, आपल्या मराठीच्या असतात, हे मला निवृत्त व्हायच्या पाचेक वर्षं आधी कळलं.

आता बघा. आपण म्हणतो ‘दोन वर्षांपासून राहतोय’ आणि ‘सोमवारपासून राहतोय’. दोन्हीकडे ‘पासून’. म्हणून पोरगं ‘सिन्स टू इयर्स’ लिहितं, त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. इंग्रजी तिथे दोन खाती करतं, किती काळ ते ‘फॉर’, कधीपासून ते ‘सिन्स’. तसंच आपला ‘च’. ‘मी आजच आलो’ याचं ‘आय केम टुडे ओन्ली’ होतं. इंग्रज तो ‘च’ शब्दात सांगत नाही, आवाजात सांगतो, टुडेवर जोर देतो. ‘मी त्याला काल पाहिलंय’ हे आपल्याला चालतं, इंग्रजीत एकदा यस्टर्डे आलं की ‘हॅव सीन’ चालत नाही, नुसतं ‘सॉ’. आणि ‘माझं डोकं दुखतंय’चं ‘माय हेड इज पेनिंग’ तर प्रत्येक वर्गात दरवर्षी.

राहिलं ‘द’. लोक म्हणतात मराठीत आर्टिकल नाही. शब्द नाही, पण सोय आहे. ‘दारात एक कुत्रा आलाय’ आणि ‘दारात कुत्रा आलाय’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिला कुठलातरी, दुसरा बहुतेक रोजचा, आपल्या आळीतला. जिथे मराठीत ‘एक’ किंवा ‘कुठलातरी’ बसतं तिथे ‘अ’, जिथे ‘तोच तो, तुला माहीत असलेला’ बसतं तिथे ‘द’. याने सगळं सुटत नाही, पण बारा आणे काम होतं. उरलेल्या चार आण्यांसाठी इंग्रजसुद्धा नियम सांगू शकत नाही, त्याला फक्त कानाला खटकतं.

तर्खडकर सोडू नका. फक्त त्यातली वाक्यं आता कोणी बोलत नाही एवढं लक्षात ठेवा.

नर्सबाई_डर्बी | २५ ऑक्टोबर

मास्तर, तुमच्या चार आण्यांतला एक आणा मी देते. आमच्या वॉर्डात रोज लागतो. पेशंट ‘इन हॉस्पिटल’ असतो, ‘द’ नाही. पण त्याला भेटायला येणारा ‘ॲट द हॉस्पिटल’. मूल ‘ॲट स्कूल’, पण त्याची आई बाईंना भेटायला ‘द स्कूल’मध्ये जाते. म्हणजे ज्या कामासाठी ती जागा आहे त्याच कामासाठी गेलात तर ‘द’ गळतो, नाहीतर ती नुसती इमारत. तुरुंगाचंही तसंच, कैदी ‘इन प्रिझन’, वकील ‘द प्रिझन’मध्ये. अमेरिकेतून आलेली आमची एक मैत्रीण आजारी माणसालाही ‘इन द हॉस्पिटल’ म्हणते, तिकडे ते बरोबर.

आता माझी फजिती. नवीन असताना बसमध्ये बसले होते, शेजारची सीट रिकामी. एक गृहस्थ म्हणाले, ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ मी अगदी आदराने, हसून, ‘यस, यस!’ त्यांचा चेहरा पडला आणि ते बिचारे उभेच राहिले, वीस मिनिटं. त्यांनी विचारलं होतं तुमची हरकत आहे का, आणि मी सांगितलं हो, आहे. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा लख्ख प्रकाश पडला.

सासूबाईंना व्याकरण शिकवू नका हो. ‘यू ऑलराइट?’ हा प्रश्न नाही, नमस्कार आहे, हे सांगा, नाहीतर त्या गुडघ्याचं दुखणं पहिल्यापासून सांगत बसतील (माझ्या आईने सांगितलं, मराठीत, दुकानदाराला). उत्तर फक्त ‘ऑलराइट’. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू. धक्का त्याने मारला तरी सॉरी आपण म्हणायचं. आणि कोणी ‘लव्ह’ म्हटलं तर दचकायचं नाही. आमच्या डर्बीकडे ‘डक’ म्हणतात, म्हणजे बदक. सत्तर वर्षांचे आजोबा इंजेक्शन घेताना मला ‘थँक यू, डक’ म्हणतात.

कृष्णाकाठची | २५ ऑक्टोबर

‘लव्ह’! इथल्या दाढीवाल्या बस ड्रायव्हरने माझ्या नवऱ्याला ‘देअर यू गो, लव्ह’ म्हटलं होतं, हा दोन दिवस अस्वस्थ.

मास्तर, तुमचं कुत्र्याचं उदाहरण वहीत लिहून घेतलं. मुजरा. पण गंमत अशी की मी इथे ‘द’साठी जीव टाकतेय आणि हे यॉर्कशरवाले तो खाऊनच टाकतात. त्या आजी ‘द’च्या जागी घशात नुसता एक अडखळा घेतात आणि पुढे जातात. आणि इथे ‘व्हाइल’ म्हणजे ‘पर्यंत’! दुकान ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ उघडं असतं. बोळाला ‘गिनल’ म्हणतात. साध्या पावाला ‘टीकेक’ म्हणतात, त्यात ना टी ना केक.

बोरिवली_फास्ट | २६ ऑक्टोबर

मास्तरांबद्दल आदर आहे पण एक पटलं नाही. ‘टुडे ओन्ली’ चूक का? यॉर्कशरच्या माणसाने ‘द’ गिळला तर ती बोलीभाषा, तिचं कौतुक, आणि आपण ‘च’ लावला तर तांबडी शाई? आपण ‘प्रीपोन’ रूढ केला, तो आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. किती सुटसुटीत शब्द आहे, पोस्टपोनच्या बरोब्बर उलटा.

आणि घेतलेत की त्यांनी आपल्याकडून ढिगाने. पायजमा, बंगला, चटणी, लूट. ‘मंगूस’ तर थेट आपल्या मराठी मुंगसावरून. कोकणातल्या कुठल्यातरी परसातलं मुंगूस त्यांच्या डिक्शनरीत जाऊन बसलं आणि आपण मात्र त्याचं अनेकवचन ‘मंगीस’ की ‘मंगूसेस’ म्हणून घाबरायचं! आणि त्यांचे सैनिक पहिल्या महायुद्धात खंदकात बसून स्वतःच्या देशाला ‘ब्लायटी’ म्हणायचे, तो शब्द म्हणजे आपलं ‘विलायती’. घराची आठवण काढायची ती पण आपल्या शब्दात.

मास्तर_निवृत्त | २६ ऑक्टोबर

बोरिवली, मंगूसेस. घाबरू नका.

तुमचा मुद्दा मान्य आहे, अर्धा. दादरला बसून ‘टुडे ओन्ली’ म्हणा, मीही म्हणतो. पण धागाकर्ती लीड्सला नोकरी शोधायला गेली तर समोरचा तुमचा इतिहास विचारात घेणार नाही. बोली कुठली ते माहीत असून बोलणं वेगळं आणि दुसरं येतच नाही म्हणून बोलणं वेगळं. तांबडी शाई मी वापरली, भरपूर वापरली, आता थोडी कमी वापरायला हवी होती असं वाटतं.

बोरिवली_फास्ट | २६ ऑक्टोबर

सर, आता भांडायला मजा नाही राहिली. हलके घ्या.

वडाची_पारंबी | २७ ऑक्टोबर

ती ‘येतो’ची भानगड कोणी लिहिली नाही अजून! आपण निघताना जातो म्हणत नाही. मी ऑफिसातून निघताना सवयीने ‘ओके, आय ॲम कमिंग’ म्हणून घरी गेलो. सहकारी दोन कप चहा करून बसली होती.

पणजीकर | २७ ऑक्टोबर

सण-परंपरांचा विषय कोणी काढलाच नाही, सगळे व्याकरणातच अडकलेत. माझ्याकडून एक. तिकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘पॅनकेक डे’ असतो, मंगळवारी. पुढे ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा लेंटचा उपास, म्हणून घरातली अंडी, लोणी, दूध आदल्या दिवशी संपवायचं. ओल्नी नावाच्या गावात बायका हातात तवा घेऊन पॅनकेक उडवत धावायची शर्यत लावतात, ती १४४५ पासूनची असं गाववाले सांगतात. आमच्या गोव्यातला कार्निव्हल, आम्ही इंत्रुज म्हणतो, तो ह्याच लेंटच्या आधीचा. म्हणजे आम्ही नाचतो, ते तवा घेऊन पळतात, कारण एकच.

घाटमाथा | २७ ऑक्टोबर

थोडक्यात गटारी.

पणजीकर | २७ ऑक्टोबर

थोडक्यात गटारी. फक्त आमचा पापपुण्याचा हिशेब जास्त रंगीत.

कृष्णाकाठची | ६ नोव्हेंबर

काल इथला ‘बॉनफायर नाइट’ बघून आले. थंडी मरणाची, मैदानात ही एवढी मोठी होळी आणि आकाशात फटाके. आजींनी सगळी कथा सांगितली. १६०५ साली काही कॅथलिक लोकांनी राजा आणि पार्लमेंट एकदमच उडवायचा कट केला, तळघरात बंदुकीच्या दारूची छत्तीस पिंपं ठेवली, आणि गाय फॉक्स नावाचा माणूस राखणीला असताना पकडला गेला. तो इथलाच, यॉर्कचा. त्याचा कडबा-चिंध्यांचा पुतळा करून जाळायचे, अजूनही कुठे कुठे जाळतात. आणि त्या पुतळ्याला ‘गाय’ म्हणायचे, त्यावरून गबाळ्या माणसाला गाय म्हणायला लागले, त्यावरून अमेरिकेत कुठल्याही माणसाला! म्हणजे आपली पोरं ‘हाय गाइज’ म्हणतात ते या बाबाच्या नावाने. मी आजींना म्हटलं आमच्याकडे रावण जाळतात, दहा तोंडांचा, त्या म्हणाल्या फार लाकूड लागत असेल.

त्यांच्या लहानपणी मुलं तो पुतळा ढकलगाडीत घालून रस्त्यात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे ‘पेनी फॉर द गाय’ मागायची. तिथे मला आमच्या गल्लीतली पोरं आठवली, होळीची लाकडं आणि वर्गणी मागत दारोदार फिरणारी.

शिवाय ‘पार्किन’ खाल्लं. ओटचं पीठ, आलं आणि काकवीसारखा दाट पाक घालून केलेला केक, दोन दिवस मुरवून मग कापायचा. चव थेट आलेपाकाच्या गावची.

चहाबाज | ६ नोव्हेंबर

शिमग्याचं पोस्त! आणि सव्वीस डिसेंबरचा ‘बॉक्सिंग डे’ म्हणजे दिवाळीचं पोस्त. मी कित्येक वर्षं समजत होतो त्या दिवशी मुष्टियुद्धाचे सामने असतात, कारण क्रिकेटची टेस्ट असते ना मेलबर्नला. नोकर, पोस्टमन, दूधवाले यांना नाताळानंतर पेटी किंवा बक्षिसी द्यायची, ती ‘ख्रिसमस बॉक्स’.

साताऱ्याचा_बोका | ७ नोव्हेंबर

११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीत दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहतात, १९१९ पासूनची पद्धत. बरेच लोक कोटाला लाल कागदी पॉपी (खसखशीच्या जातीचं फूल) लावतात. तुम्ही लावली तरी परकं वाटून घेऊ नका, मराठा पलटणीची माणसंही त्या युद्धांत गेलीत. माणगावकडचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत लढताना पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजींना हे सांगा, त्यांच्या पिढीला इटलीची लढाई माहीत असते.

नर्सबाई_डर्बी | ७ नोव्हेंबर

नाताळ येतोय म्हणून शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं. ‘मिन्समीट’ भरलेली मिन्स पाय, नावात मीट असलं तरी आत मनुका, सफरचंद, मसाला. पण पारंपरिक पाककृतीत ‘सूएट’ घालतात, ती गाईची चरबी. ख्रिसमस पुडिंगमध्येही. दोन्हीवर ‘सूटेबल फॉर व्हेजिटेरियन्स’ लिहिलंय का बघून घ्या, लिहिलेलं सहज मिळतं. आणि टेबलावर नळकांड्यासारखा क्रॅकर असेल तर तो फटाका नाही, दोघांनी दोन टोकांनी ओढायचा, फट्ट आवाज, आतून कागदी मुकुट आणि एक रद्दी विनोद निघतो. मुकुट घालायचाच, कितीही वेडं दिसलं तरी.

घाटमाथा | ७ नोव्हेंबर

हे सगळं नंतर कामाला येतं ताई. कायमचं राहायचं ठरलं तर ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा द्यावी लागते, २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर हवेत. इंग्लंडच्या संताचा दिवस २३ एप्रिल हे मी पाठ केलं होतं. ऑफिसात त्या दिवशी सगळ्यांना शुभेच्छा दिल्या तर एकालाही माहीत नव्हतं कसल्या. टीचा अर्थ मात्र परीक्षेत विचारत नाहीत.

कृष्णाकाठची | १५ डिसेंबर

धागा वर काढतेय, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सासूबाई आल्या. नर्सबाई, तुमचं औषध लागू पडलं, ‘ऑलराइट’ झकास म्हणतात, आणि बस ड्रायव्हरला ठ्यांक्यू म्हणून वर नमस्कारही करतात. आठ दिवसांत आजींशी दोस्ती. ह्या मराठीत बोलतात, त्या यॉर्कशरात, दोघींचं काही अडत नाही. मी मधे पडून भाषांतर करायला गेले तर सासूबाई म्हणाल्या तू जा, आम्हाला कळतंय.

काल मी बाहेर होते. कुंपणावरून सासूबाईंनी आजींना आवाज दिला, ‘टुडे ओन्ली यू कम. टी. हाफ फाइव्ह.’ (मास्तर, ‘च’ सकट. बोरिवली, टाळ्या.) बरोबर साडेपाचला आजी आल्या, केस विंचरून, हातात फुलं, आणि अर्थातच दुपारपासून पोट रिकामं ठेवून. मी त्याच वेळी दारात पोचले. टेबलावर काय, आल्याचा चहा तीन कप आणि बशीत चार मारी बिस्किटं. आजी शांतपणे बिस्किट बुडवून खातायत आणि हळूच ओव्हनकडे बघतायत.

मी आत जाऊन कानात सांगितलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, दहा मिनिटांत तवा तापला. आजींनी थालीपीठ खाल्लं, लोण्याबरोबर, तीन. मग म्हणाल्या ‘पुडिंग?’ आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. शिरा केला.

वडाची_पारंबी | १५ डिसेंबर

भाजणी तिकडे मिळते?

कृष्णाकाठची | १५ डिसेंबर

कसली मिळतेय. सासूबाईंनी आणली, दोन किलो, बॅगेत साड्यांमध्ये गुंडाळून.